शुक्रवारची कणीक

गेल्या हिवाळ्यात इस्राएलमधल्या अश्दोदहून माझी भाची ठाण्याला आली होती. जन्म तिकडचाच, मराठी नुसती कानावर पडून शिकलेली, त्यामुळे क्रियापदाशी जरा अडखळते, पण बोलते गोड. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले यहुदी, आणि आमचा शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो. त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. आईनं दिवे लावून झाले होते, मनुकांचं शरबत चांदीच्या पेल्यात ओतलं होतं, बाबा किद्दुश, म्हणजे पेल्यावरची शब्बाथची प्रार्थना, म्हणायला उभे राहिले होते. तेवढ्यात पोरीनं भरतकामाच्या रुमालाची कड जराशी उचलली, आत डोकावून पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मावशी, हाला कुठाय? चपातीवर मोत्सी होतो?" हाला म्हणजे शब्बाथचा ब्रेड, आणि मोत्सी म्हणजे तो मोडण्याआधी म्हणायचा आशीर्वाद. तिच्या विचारण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता. ती वाढली त्या गावात शुक्रवार म्हणजे दोन वेणीचे ब्रेड, अंड्यानं चकाकणारे, वर तीळ पेरलेले. ते नाहीत म्हटल्यावर तिला काहीतरी विसरल्यासारखं वाटलं असणार. आईनं ऐकलं. "आपल्याकडे हेच असतं गं," एवढंच म्हणाली आणि रुमाल परत सारखा केला. पुढे सगळं नेहमीसारखं झालं. बाबांनी आशीर्वाद म्हणून चपाती मोडली, मिठाला लावून प्रत्येकाच्या हातात तुकडा दिला, भाचीनं तो आवडीनं खाल्ला. मला मात्र तो प्रश्न रात्री झोपतानाही आठवत होता. चपातीवर मोत्सी होतो हे मला ठाऊक होतं, आमच्या कितीतरी पिढ्या तोच करत आल्या. मग लागलं नक्की काय?

आमची आजी अलिबागकडची. घर कौलारू, पुढे ओटी, मागे माड आणि विहीर. त्या घरात आठवडाभर तांदळाची भाकरी व्हायची, कोकणातल्या कुठल्याही घरासारखी. गहू यायचा तो शुक्रवारसाठी. त्यामागचं कारण लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कळलं, की ज्या धान्याच्या भाकरीवर हा आशीर्वाद म्हणता येतो अशी धान्यं शास्त्रात पाचच मोजली आहेत, गहू, जव आणि त्यांच्या जातीतली, आणि तांदूळ त्यांत बसत नाही. म्हणजे भातशेतीच्या मुलखात, जिथे गहू विकत आणावा लागतो, तिथे ही माणसं आठवड्यातून एकदा गव्हाची सोय करत राहिली. आजीला हे कलम ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. तिला एवढंच ठाऊक होतं, की शब्बाथला चपाती लागते. गुरुवारी गहू निवडायला बसायची. सुपातले खडे वेचताना तिचं बोलणं चालू असायचं, पण गिरणीतून दळण आलं की ती पिठात हात घालून बघायची आणि तेवढ्यापुरती गप्प व्हायची. दळण जास्त गरम निघालं तर तिला आवडायचं नाही. "पीठ जाळलंन," म्हणायची.

शुक्रवारचा दिवस उजाडायचा तो भराभरा. ओटी आदल्या दिवशीच सारवलेली असायची, आता चादरी बदलायच्या, अभ्रे काढायचे, पितळेची समई नाही पण पितळेचा पेला, ताटं, लोटे चिंचेनं घासायचे. काळ्या मनुका रात्रीच भिजत घातलेल्या असायच्या. त्या त्याच पाण्यात उकळून, हातानं कुस्करून, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, की झालं शरबत. आमच्याकडे वाइनची बाटली क्वचित यायची, किद्दुश या शरबतावरच व्हायचा. आलं, वेलची, साखर असलं काही त्यात पडायचं नाही. मनुकांची स्वतःची जी गोडी आणि मागून येणारा किंचित तुरटपणा, तेवढाच. मटण असेल तर ते आधी अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड्या मिठात, मग तीन पाण्यांनी धुवायचं, रक्ताचा अंश राहता कामा नये म्हणून. मासे असतील तर पापलेट किंवा सुरमई, खवलं आणि पर दोन्ही असलेले. कोळंबी शेजारच्या घरातून कितीही वास सोडो, आमच्या उंबऱ्याच्या आत नाही. रश्शाला नारळाचं दूध. दही घालायचा प्रश्नच नव्हता, मांसासोबत दूधदुभतं येत नाही. माडांनी आमची केवढी मोठी अडचण सोडवली होती, हे मला परदेशातल्या यहुद्यांच्या स्वयंपाकाबद्दल वाचल्यावर उमगलं.

दिव्याचं काम मात्र आजी कुणाला द्यायची नाही. काचेचा पेला घ्यायची, उजेडाकडे धरून बोटाचा डाग राहिला नाही ना ते पाहायची. खाली निम्म्यापर्यंत पाणी, त्यावर सावकाश खोबरेल. तेल ओतताना पेला तिरका धरायची, म्हणजे ते काचेच्या कडेनं उतरतं आणि पाण्यावर न ढवळता पसरतं. मग पत्र्याच्या छोट्या चकतीत ओवलेली कापसाची वात वर सोडायची. वात किती वर काढायची याचा तिचा अंदाज होता. जास्त वर काढली की काजळी धरते, कमी ठेवली की मध्यरात्रीच्या आधी विझते. एकदा पेटला की त्या दिव्याला हात लावायचा नाही, वात सारखी करायचीही नाही. म्हणून जे काय करायचं ते आधी. थंडीत खोबरेल थिजायचं, तेव्हा ती वाटी चुलीशेजारी ठेवून पातळ करून घ्यायची.

आणि सगळ्यांत शेवटी चपात्या.

यात एक गोम आहे, आणि ती मला इतक्या वर्षांनी दिसली. चपाती ही थांबणारी गोष्ट नव्हे. तव्यावरून उतरली की खावी, तासाभरानं ती वातड व्हायला लागते. शब्बाथला तर विस्तव पेटवायचा नाही, म्हणजे सूर्य मावळायच्या आत तवा उतरलेला हवा. त्यामुळे आजी चपात्यांचं काम शक्य तितकं पुढे ढकलायची. कणीक भरपूर तेल घालून सैल मळायची, दुपारपासून ओल्या फडक्याखाली मुरत ठेवायची. मळून झाली की त्यातला लिंबाएवढा गोळा तोडून विस्तवात टाकायची. यरुशलेमचं देऊळ उभं होतं त्या काळात तो वाटा कोहेनांचा, म्हणजे तिथल्या पुरोहितांचा, असायचा, आता देऊळ नाही, म्हणून अग्नीला. तो गोळा फुगायचा, काळा पडायचा, त्याचा करपट वास घरभर व्हायचा, आणि मला अजून गव्हाची कणीक करपली की शुक्रवार आठवतो. मग उन्हं कलली की घरातली सगळी एकेक करून न्हाऊन, धुवट कपडे घालून ओटीवर यायची, आणि आजी आत चुलीपुढे, कपाळावर घाम, मनगटापर्यंत पीठ, भराभरा लाटते आहे. चपातीला तेलाचा हात फिरवून ती सुती पंच्यात गुंडाळायची, पंचा डब्यात, डबा वैलाशेजारी. भाताचं आणि कालवणाचं भांडं वैलावर, खाली निखारे राखेत दाबलेले. तोवर बाहेरून आजोबांची हाक यायची, "झालं का? दिवा लागायचाय!"

आजी कायम सगळ्यांत शेवटी अंघोळ करायची. कधी कधी दोन तांबे घेऊन, केस ओलेच बांधून ती दिव्यापुढे यायची.

आमचे पूर्वज तेल गाळायचे. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी, ही आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट, आणि त्यांच्या वंशजांनी धरलेला धंदा घाण्याचा. सोमवारी बैल न जुंपणारे ते सोमवार तेली, आणि आम्ही शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. कोकणच्या गावांना आमचं धर्मशास्त्र ठाऊक नव्हतं. आम्हालाही फारसं ठाऊक नव्हतं, हिब्रू पुस्तकं हातची गेलेली, उरलेली होती ती शेमाची प्रार्थना, सुंता, खवल्यांचे मासे आणि हा शनिवार. मी त्या माणसांचा फार विचार करते. आठवड्याच्या बाजाराला, उधारी-वसुलीला, पावसाच्या आधीच्या घाईला न जुमानता एक दिवस बैल सोडून द्यायचा, आणि का ते विचारणाऱ्याला नीट सांगताही यायचं नाही. त्या दिवसाची अट काम संपण्यावर नव्हती. पेंड घाण्यात अर्धी पिळलेली असली तरी सूर्य मावळला की बैल मोकळा. हे मला सगळ्यांत अवघड वाटतं. आपण दमलो की विसावतो, काम उरकलं की विसावतो. इथे काम तसंच पडलेलं असताना विसावायचं, ते उरकलं असं मनाशी धरून.

शब्बाथला वर्ज्य अशी ३९ कामं मिश्नामध्ये, यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, मोजून दिली आहेत. सिनेगॉगमध्ये एकदा आमच्या हज्जाननी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, ती यादी मराठीत वाचून दाखवली होती. पेरणं, नांगरणं, कापणं, पेंढ्या बांधणं, मळणी, उफणणं, निवडणं, दळणं, चाळणं, कणीक मळणं, भाजणं. ही पहिली ११. बायकांच्या बाजूला बसलेल्या आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागलो. पहिला सगळा हिस्सा भाकरीचाच होता, आणि त्यातला निवडण्यापासून भाजण्यापर्यंतचा भाग आमच्यापैकी प्रत्येकीनं त्याच आठवड्यात केलेला होता. इतकं दिवसरात्र डोळ्यांसमोर असणारं काम, आणि विसाव्याचा विचार करणाऱ्यांनी आधी तेच थांबवलं. मला ते वाचन ऐकताना आजीचा हात दिसत होता, सुपावर फिरणारा.

मुंबईत आलो आणि शनिवार आमच्या हातून सुटला. बेने इस्राएली माणसं सरकारी नोकरीत, पलटणीत, रेल्वेत, दवाखान्यांत शिरली, आणि तिथे शनिवार कामाचा. माझे बाबाही शनिवारी डबा घेऊन लोकल पकडायचे. आई त्यांना डबा भरून देताना एक शब्द बोलायची नाही, पण त्या दिवशी ती कुठल्याही कामाला घाई करायची नाही. शनिवार गेला म्हणून शुक्रवारची संध्याकाळ आमच्याकडे अधिकच घट्ट धरली गेली. चाळीतल्या दोन खोल्यांत सारवण नव्हतं, अंगण नव्हतं, तरी दुपारनंतर आई घराचा चेहरा पालटायची. शिलाईचं यंत्र भिंतीकडे वळवून त्यावर इस्त्रीची चादर टाकायची. आमची दप्तरं पलंगाखाली जायची. वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सुटे पैसे, बाबांचं पेन, औषधाच्या बाटल्या, आठवड्याची म्हणून जी काही खूण असेल ती नजरेआड. खिडकीचे पडदे धुऊन ओलेच लावायची, ते वाऱ्यावर वाळताना खोलीत साबणाचा थंडगार वास भरायचा. थर्मासमध्ये उद्याचा चहा भरून ठेवायची, दूध वेगळं. बाबा स्टेशनवरून येताना मोगऱ्याची पुडी आणायचे. ते घर मोठं वाटायला लागायचं. भिंती तेवढ्याच, माणसं तेवढीच, आणि तरी एकदम ऐसपैस, पाय पसरून बसावं असं. त्या वेळी मी अभ्यासाला बसले की आई पुस्तक काढून घ्यायची. परीक्षा तोंडावर असली तरी. याबद्दल तेव्हा मला तिचा राग यायचा आणि आता तिचे उपकार वाटतात.

पहिल्या प्रश्नाकडे परत येते. वेणीचा ब्रेड हा मुळात मध्य युरोपातल्या यहुद्यांचा. तिथून तो जगभर गेला आणि इस्राएलमध्ये गेल्यावर तर शुक्रवारी प्रत्येक दुकानात त्याचे ढीग लागतात. येमेनचे यहुदी शुक्रवारी झाकणाच्या भांड्यात कुबाने लावतात आणि मंद आचेवर रात्रभर ठेवून शनिवारी सकाळी काढतात. इराककडच्यांच्या टेबलावर चपट्या गोल रोट्या. शास्त्राला हवे असतात दोन अख्खे ब्रेड, मिसरमधून निघालेले पूर्वज रानात असताना त्यांना शुक्रवारी मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, दुप्पट मिळायचा त्याची आठवण म्हणून. त्यांचा आकार कुणी ठरवून दिलेला नाही. माझी बहीण तिकडे गेली तेव्हा सुरुवातीला तिनं तव्यावरच्या चपात्या सोडल्या नव्हत्या. डिसेंबरात तिकडे पाच वाजायच्याही आधी सूर्य मावळतो, दुपारपासूनच बसगाड्या थांबतात, दुकानांची शटरं ओढली जातात, आणि अख्ख्या गावाला एकाच वेळी घाई सुटते. फोनवर सांगायची, की इथे सगळ्यांनाच शुक्रवार असतो गं, आपल्यासारखं शेजाऱ्यांना समजवावं लागत नाही. तिचं बोलणं ऐकून हेवा वाटायचा. पण त्याच गावात, सगळ्यांसारखं सगळं असताना, तिच्या चपात्यांना शेजारीण नावं ठेवून गेली आणि तिनं विकतचा हाला आणायला सुरुवात केली, हेही तिनंच सांगितलं. एकदाच सांगितलं, पुन्हा विषय नाही काढला. ज्या मुलखात आमचा धर्म कुणाला ठाऊक नव्हता तिथे चपाती चालली, आणि जिथे सगळे आपले होते तिथे ती रुमालाखाली ठेवायला लाज वाटली. भाचीच्या प्रश्नानं मला लागलं ते हे. ती पोर त्या बदलानंतर जन्मलेली. आईच्या घरातल्या चपातीची तिला खबरच नव्हती.

आता मी स्वतः हाला करते, आणि हे मुद्दाम सांगायला हवं. भाचीच्या प्रश्नाच्या आधीच मी तो घरी शिकले होते, फक्त आईकडे जाताना नेत नव्हते. अर्धा किलो मैदा, यीस्ट, साखर, मीठ, तेल, दोन अंडी. लोणी नाही, जेवणात मांस असतं म्हणून. प्रत्येक अंडं आधी काचेच्या वाटीत फोडून पाहायचं, बलकावर रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून द्यायचं, मगच पिठात. पीठ सुरुवातीला बोटांना असं चिकटतं की आणखी मैदा टाकावासा वाटतो. टाकायचा नाही. दहाएक मिनिटं मळत राहिलं की ते हात सोडायला लागतं, आणि मग एका क्षणी त्याची नुसती पातळ चामडी ताणली तर पलीकडचा उजेड दिसतो. ठाण्याच्या मे महिन्यात ते तासाभरात दुप्पट होऊन भांड्याच्या कडेला येतं. जानेवारीत बंद ओव्हनमध्ये कोमट पाण्याच्या वाटीशेजारी ठेवावं लागतं. मग तिपेडी वेणी, टोकं आत दुमडलेली, वर अंड्याचा हात, तीळ, आणि १८० अंशांवर अर्धा तास. काढल्यावर तळाशी बोटानं टकटक करायची, पोकळ आवाज आला की झाला. ओव्हनचं दार उघडल्यावर जो वास येतो तो चपातीला नाही, हे मान्य करायलाच हवं. जिन्यापर्यंत जातो. वरच्या मजल्यावरचे आजोबा शुक्रवारी खाली उतरताना आमच्या दाराशी रेंगाळतात, त्यांना एक छोटी वेणी वेगळी काढलेली असते.

पण मी हाला धरला तो वासासाठीही नाही आणि तिकडच्यांसारखं दिसावं म्हणून तर मुळीच नाही. अंड्या-तेलाचा ब्रेड थांबतो. दुपारी तीनला ओव्हनमधून काढला तरी रात्री मऊ, दुसऱ्या दिवशी मऊ. तो फुगत असताना बाईला मोकळा तास मिळतो, आणि दिवे लावायच्या आधीच्या शेवटच्या तासात तिला तव्यापुढे उभं राहावं लागत नाही. हे कळलं त्या दिवशी मला आजीची ती दोन तांब्यांची अंघोळ इतकी आठवली की मी स्वयंपाकघरातच बसून राहिले. सगळ्या घराचा विसावा जिच्या हातून तयार व्हायचा तिला तो शेवटच्या पाच मिनिटांत, धापा टाकत गाठावा लागायचा. आम्ही तिच्या चपात्यांचं कौतुक केलं. तिला उठवून "आजी, तू आधी जा, मी लाटते," असं म्हणाल्याचं मला आठवत नाही, आणि घरातल्या पुरुषांपैकी तर कुणीच म्हणालं नाही. परंपरा म्हणून जे आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो, त्यात ही एक बाई चुलीपुढे असते, हे मला वगळायचं नाही.

आईला हे मी सांगितलं. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, की तिच्या सासूला तो शेवटचा तास आवडायचा, घरात कुणी नाही, सगळे बाहेर, चुलीचा उजेड आणि ती. मला ते खरं वाटतं आणि पुरतं पटतही नाही. दोन्ही असेल. आई अजूनही आपल्या घरी चपात्याच करते, आणि तिच्याकडच्या शुक्रवारी रुमालाखाली चपात्याच असतात. ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. मी आता तिकडे दुपारीच जाते, लाटायला बसते, आणि तिला पाचच्या आत न्हाणीघरात पाठवते. भाचीला फोनवर व्हिडिओ लावून कणकेचा गोळा कसा मुरवायचा ते दाखवलं. तिनं करून पाहिल्या, पहिल्या कडक झाल्या, मग तेल वाढवायला सांगितलं. तिच्या आईनं मागून डोकावून बघितलं आणि लाटणं तिच्या हातून घेतलं.

माझ्या घरी पीठ माझा मुलगा मळतो. त्याचे हात मोठे, त्याला ते लवकर साधतं, आणि गोळा तोडून वेगळा काढायचा आशीर्वाद त्याला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. नवरा मनुका गाळतो, पडदे काढून धुतो, काचेचा पेला उजेडाकडे धरून बघतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला मावळतं, जूनमध्ये सव्वासातला, आणि दिवे त्याच्या १८ मिनिटं आधी लागतात, तो तक्ता फ्रिजवर चिकटवलेला आहे. काही शुक्रवारी ऑफिसातून निघायला उशीर होतो, लोकल खोळंबते, ब्रेड एका अंगानं जास्त लाल होतो, बाल्कनीतले कपडे तसेच राहतात. राहू देत. अंघोळीला कुणी कधी जायचं हे आता ठरलेलं नसतं. गेल्या शुक्रवारी मी पहिली गेले.